निअँडरथल माणसांना आपण मारलं काय?

प्रश्न : उसगाळीमळला नदीकाठच्या कातळावरची चित्रं बघून आल्यापासून नातू पाठ सोडत नाही. आपल्या पूर्वजांनी निअँडरथल, म्हणजे आपल्याहून वेगळ्या जातीचे ते आदिमानव, मारून संपवले का? त्यांचा मेंदू आपल्याएवढाच होता म्हणे, मग ते का गेले? आणि ते मासे खायचे का? (एक आजोबा, म्हार्दोळ, गोवा)

उत्तर : आजोबा, आधी एक सांगून टाका त्याला, उसगाळीमळची चित्रं आपल्यासारख्याच माणसांची, निअँडरथलचं हाड भारतात आजवर मिळालेलं नाही. ते युरोप, पश्चिम आशिया ते पार सायबेरियापर्यंतचे, आणि साधारण 40,000 वर्षांपूर्वी दिसेनासे झाले.

कुठे मारामारी झालीही असेल, पण कत्तलीचा पुरावा नाही. मला विचाराल तर आपल्याकडचे वाडे-वस्त्या आठवा. दहा घरांतली सात बंद, कुणी कुणाला हाकललं नाही, पोरं पोर्तुगाल नाहीतर लंडनला गेली आणि म्हातारी माणसं एकेक करून संपली, मग एका पावसाळ्यात छप्पर खाली. निअँडरथलचं असंच काहीतरी, फक्त त्यांची पोरं बाहेर गेली नाहीत, मुळात माणसंच कमी होती. एवढ्या मोठ्या मुलखात मूल होण्याच्या वयाची माणसं काही हजारच असावीत असा जनुकांवरून अंदाज आहे. छोटे छोटे गट, एकमेकांपासून लांब. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत एका बाईच्या पायाच्या बोटाचं हाड मिळालं, त्यातल्या डीएनएवरून कळलं की तिचे आईवडील सावत्र भावंडं किंवा काका-पुतणी इतक्या जवळच्या नात्यातले होते! आता याच्या उलट रशियातलं सुंगीर बघा, 34,000 वर्षांपूर्वीची आपली माणसं, गट तसाच लहान, पण तिथे पुरलेल्यांत जवळचं नातं नाही, म्हणजे सोयरीक बाहेर जुळवत होते. सोयरे असले की दुष्काळात जायला दार असतं, नवीन अवजाराची अक्कलही तिकडून येते. त्यात युरोपचं हवामान एका माणसाच्या आयुष्यातसुद्धा उलटंपालटं होत होतं, अशात वीस माणसांच्या गटातल्या दोन बायका बाळंतपणात गेल्या की खेळ खलास. मेंदू काय करणार तिथे.

आणि थोडेफार आपल्यातच मिसळले. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्यांचा डीएनए साधारण 2 टक्के आहे, हे ज्यांनी उलगडलं त्या जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबोंना 2022 चं नोबेल मिळालं. कोविडमध्ये आजार गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक तुकडासुद्धा त्यांच्याकडूनच आलाय, आणि दक्षिण आशियात तो जवळजवळ निम्म्या लोकांत आहे. वारसा म्हणजे सगळं सोनंनाणं नसतं.

राहिले मासे. जिब्राल्टरच्या समुद्राकाठच्या गुहांत सील, डॉल्फिनची हाडं मिळालीत आणि शिणाण्यांची (एक प्रकारच्या शिंपल्यांची) टरफलंसुद्धा, तीही विस्तवावर उघडलेली. खोबऱ्याचं वाटण तेवढं नव्हतं.