पाचवी गाय घ्यावी की गोठ्यावर छत घालावं?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चार संकरित गाई, एरवी रोजचं ४४ लिटर दूध, उन्हाळ्यात ते ३१ वर येतं. ही तूट भरायला पाचवी गाय घ्यायची म्हणता. त्यासाठी शिल्लक मोडायची, दीड वर्षाची कालवड विकायची आणि वर तीन वर्षांचं कर्ज काढायचं. गोठ्याच्या छताचं कोटेशनही तुम्ही आणलंय, पण "छत काही दूध देत नाही," असं शेवटी लिहिलंय.

देतं. हिशोब मांडू, आणि तो लिटरमध्येच मांडू. तुमच्या आकड्यांना दुधाच्या भावाने भागलं तर गाय पडते २५०० लिटरला, छत ९०० लिटरला, आणि शिल्लक आहे १२०० लिटरची.

गाय आधी. चांगल्या दिवसांत ११ लिटर, उन्हाळ्याचे शंभर दिवस ८ लिटर धरले, तर वेतभरात, म्हणजे विल्यापासून दूध आटेपर्यंत, तीनेक हजार लिटर होतात. चारा, पेंड, औषधपाणी आणि मजुरी जाऊन तुमच्या हिशोबाने तीस टक्के उरतात, म्हणजे ९०० लिटर. व्याज न धरताही तीन वर्षं गेली. तेही ती वेळेवर गाभण राहिली तर. माझी खरी अडचण मात्र वेगळी आहे. ऊन पाचही गाईंवर एकाच दिवशी पडतं. ज्या महिन्यात चौघींचं दूध आटतं त्याच महिन्यात पाचवीचंही आटणार, आणि हप्ता मात्र तेवढाच राहणार. याला जोखीम वाटून टाकणं म्हणत नाहीत, वाढवणं म्हणतात.

आता छत. उन्हाळ्यातली तूट १३ लिटर, शंभर दिवसांत १३०० लिटर. सावली, पाणी आणि वारा मिळून निम्मी तूट भरून काढतील असं हात राखून धरू: ६५० लिटर. गाई जास्त खातील, त्याचा तिसरा हिस्सा वजा करा. सव्वाचारशे उरतात. कोटेशनमधल्या चारही बाजूंच्या भिंती मात्र काढून टाका. गोठ्याला भिंत नको, उंच छप्पर हवं. भिंती गेल्या की खर्च साधारण ६०० वर येईल आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पैसे वसूल होतील, कर्जाशिवाय.

गाईला ऊन लागतंय हे आपल्या अंगावरून ठरवू नका. उष्णता आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात, त्यात पूर्वी ७२ ही धोक्याची रेषा मानत. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधनानंतर जास्त दुधाळ गाईंसाठी ती ६८ वर आली. म्हणजे २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. आपल्याला ही हवा छान वाटते! घरच्या घरी तपासायचं तर दुपारी तीनला गाईच्या कुशीकडे बघत घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. साठच्या वर गेले तर तिला त्रास होतोय. धापणारी गाय कमी खाते, पण दुधातली निम्मीच घट त्या कमी खाण्याने होते. बाकीची शरीराच्या आतल्या बदलांमुळे. म्हणून पेंड वाढवून ही तूट भरत नाही. पेंडीचं बिल तेवढं भरतं.

पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महाग वाटली: "पाणी सकाळ-संध्याकाळ दाखवतो." दुधात ८७ टक्के पाणी असतं आणि उन्हात दुभती गाय दिवसाला ७०-८० लिटर सहज पिते. सावलीतली टाकी दिवसरात्र भरलेली ठेवा. हा खर्च तर मोजण्याइतकाही नाही. पोटात चारा आंबताना उष्णता तयार होते, म्हणून मोठं खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर. पंखा आणि पाण्याचा फवारा लावलात तर एकत्रच लावा. गाय कातडीपर्यंत भिजली पाहिजे आणि वाऱ्याने सुकली पाहिजे. दमट हवेत पंख्याविना नुसतं धुकं सोडलं तर गोठ्याची भट्टी होते.

छतानंतर ६०० लिटरची शिल्लक उरते. निम्मी मुरघासात, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात घाला, चारा मुबलक असतो तेव्हा. निम्मी बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. तुमच्या गोठ्याचा जेमतेम पंधरवड्याचा चारा त्यात येतो, पण सध्या तेवढाही हाताशी नाही.

आणि सावली वाटताना आटवलेल्या, म्हणजे विण्याआधी दूध काढणं थांबवलेल्या गाईला मागे ठेवू नका. दूध देत नाही म्हणून तिला उन्हात बांधतात, मीही हे बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. फ्लोरिडा विद्यापीठातल्या प्रयोगांत भाकड काळात थंडावा मिळालेल्या गाईंनी पुढच्या वेतात जास्त दूध दिलं. पोटातल्या कालवडीही त्या उन्हातून सुटत नाहीत; मोठ्या झाल्यावर त्यांचं दूध कमी भरतं.

कालवडीवरून आठवलं. ती विकू नका. तुमची पाचवी गाय तीच आहे, आणि तिच्यावर कर्ज नाही. फक्त उन्हाळा संपल्या संपल्या तिला गाभण करू नका, नाहीतर ऐन उन्हाच्या तोंडावर विईल. दोन-तीन महिने थांबा, म्हणजे पुढचा उन्हाळा सरताना विईल. शेवटचे दोन महिने तिला नव्या छताखाली बांधा.