आधी कोणाचे देणे द्यावे?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून महिना ३८,००० रुपये हाती येतात. धायरीतील फ्लॅटचा हप्ता १४,५०० आणि पतसंस्थेचा हप्ता ६,२०० रुपये आहे. पतसंस्थेला मेहुणे जामीनदार आहेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी १,४०,००० आहे. शिवाय एका ओळखीच्या माणसाकडून महिना १० टक्क्यांनी ५०,००० रुपये घेतले असून गेले १४ महिने त्याला दरमहा ५,००० रुपये व्याज देत आहे. कार्डाच्या वसुलीवाल्यांचे फोन असह्य झाल्याने गेल्या महिन्यात फ्लॅटचा हप्ता चुकवून त्यांना पैसे दिले. आता काय करावे? — एक वाचक, धायरी

उत्तर : जो सर्वांत जास्त ओरडतो त्याचे पैसे आपण आधी दिलेत. बहुतेक जण असेच करतात. परंतु देण्याचा क्रम आवाजावरून न ठरवता, हप्ता चुकल्यास समोरचा कायद्याने काय करू शकतो, यावरून ठरवावा.

या कसोटीवर फ्लॅटचा हप्ता पहिला येतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (थकीत, म्हणजे एनपीए) ठरते आणि त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही, बँक तारण मालमत्तेचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. एकच हप्ता चुकला आहे तोवर शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा.

दुसरा क्रम पतसंस्थेचा. तिचे फोन कमी येतात म्हणून तिला दुय्यम समजू नये. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवला की संस्थेला दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावावा लागत नाही, आणि तो दाखला मेहुण्यांवरही बजावला जातो. आपल्या थकबाकीची बातमी त्यांना वसुली अधिकाऱ्याकडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेली बरी.

कार्डाचे कर्ज विनातारण असते. बँक दावा लावू शकते आणि सिबिलचा आकडा घसरतो, हे खरे. परंतु कार्डाचे पैसे थकले एवढ्यावरून अटक होत नाही. महिना ३.५ टक्के दर धरला तर १,४०,००० वर ४,९०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८८२ रुपये होतात. म्हणजे ‘मिनिमम ड्यू’ म्हणून ७,००० भरले तरी मूळ देण्यातून जेमतेम १,२१८ रुपये वजा होतात. त्यामुळे कार्ड वापरणे आजच थांबवून, थकबाकी ठरावीक हप्त्यांत फेडू देण्याची लेखी मागणी करावी. तडजोडीने रक्कम कमी करून घेतल्यास पतअहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि पुढचे कर्ज मिळताना तो नडतो. तरीही तडजोड करायची झाल्यास बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत आणि वसुलीवाल्याच्या हाती रोख तर कधीच देऊ नये.

थकबाकीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. एका वहीत तारीख, वेळ, नंबर आणि बोललेले शब्द लिहून ठेवावेत आणि त्या आधारे बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आता त्या ‘ओळखीच्या’ माणसाविषयी. मला खरी काळजी त्याचीच वाटते. आपण त्याला ५०,००० च्या मुद्दलावर ७०,००० रुपये व्याज दिले आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, परवानाधारकालाही बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक दर लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. दामदुपटीचा हा नियम आपल्याकडे जुनाच आहे. दिलेल्या पैशांचे यूपीआयचे पुरावे काढून जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करावी; धमकी आली असल्यास पोलीस ठाण्यातही जावे. त्याच्याकडे आपला सही केलेला कोरा चेक आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असल्यास तक्रारीत चेकचा क्रमांक अवश्य नोंदवावा, कारण चेक न वटल्याच्या नोटिशीनंतर रक्कम देण्यास १५ दिवसच मिळतात आणि त्या प्रकरणात मात्र तुरुंगवासाची तरतूद आहे. त्याचे ५,००० थांबले तर दोन्ही हप्ते भरून घरखर्चाला १७,३०० उरतात. त्यातून जे निघेल ते कार्डाला द्यावे.

प्रश्न : माझ्या पतीचे मार्चमध्ये निधन झाले. त्यांच्या वैयक्तिक कर्जासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसे माझ्याकडे पैसे मागतात. मी कुठेही सही केलेली नाही. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण सहकर्जदार वा जामीनदार नसाल तर आपल्या पगारातून वा दागिन्यांतून हे कर्ज फेडण्याचे बंधन आपल्यावर नाही. पतीच्या मालमत्तेतून वारसांना जे मिळाले असेल, तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. कर्जासोबत कधीकधी विमा उतरवलेला असतो, आणि तो हप्त्यात मिसळलेला असल्याने घरच्यांना पुष्कळदा माहीतच नसतो. म्हणून मृत्यू दाखल्याची प्रत जोडून कर्जाची कागदपत्रे व विम्याची माहिती लेखी मागावी. ती हाती येईपर्यंत कोणत्याही नव्या कागदावर सही करू नये.