लेखन-शंका : नायिका सद्गुणी आहे, पण लक्षात राहत नाही

प्रश्न : माझ्या प्रेमकादंबरीची नायिका प्रेमळ, समंजस आणि कष्टाळू आहे. हस्तलिखित तिघींना वाचायला दिलं. तिघींचंही म्हणणं एकच, ‘छान आहे, पण लक्षात राहत नाही.’ तिच्यात आणखी कोणते गुण घालू?

एकही घालू नका. प्रेमळ, समंजस, कष्टाळू हे चारित्र्याच्या दाखल्यावरचे शब्द झाले. दाखला वाचून कुणी कुणात गुंतत नाही. वाचक बघत असतो ते हे, की हिला काय हवंय आणि त्यासाठी ही काय पणाला लावते.

आधी एक चाचणी करा. कथेचा सारांश पाच-सहा वाक्यांत लिहा आणि त्यातून नायकाला काढून टाका. नायिकेकडे करण्यासारखं काही उरतं का? उरत नसेल तर दुखणं तिथेच आहे. नायक येण्याआधीपासून तिचं काहीतरी चालू असलं पाहिजे, आणि ते ठोस हवं. ‘स्वतःच्या पायावर उभं राहायचंय’ ही नुसती घोषणा झाली. ‘बंद पडत आलेला छापखाना वर्षअखेरपर्यंत तगवायचाय’ ही इच्छा. तिला मुदत आहे, ती फसू शकते आणि मुख्य म्हणजे प्रेम तिच्या आड येऊ शकतं. ही शेवटची अट बरेच जण विसरतात. मग छापखाना एका प्रकरणात, प्रेम दुसऱ्यात, अशी कादंबरी दोन रुळांवरून चालते आणि दोन्हींची गाठ कधी पडतच नाही.

दुसरी गोष्ट दोषांची. नायिका फारच गुणी झालीय असं वाटलं की लेखक तिला धांदरट करतात. ती अडखळते, हातातून कप पडतो, नेमका नायकाच्या शर्टावर. हा दोष नाही, दागिना आहे, आणि वाचकाला तो लगेच कळतो. खरा दोष गुणाच्याच मुळातून फुटतो. ‘राधिका सगळ्यांची फार काळजी घ्यायची’ हे वाक्य खोडा आणि असं काहीतरी लिहून बघा :

‘बहिणीचा नोकरीचा अर्ज राधिकाने रात्री बसून तपासला. शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या. जाता जाता शेवटचा परिच्छेदही बदलला. बहिणीला तो तसाच हवाय, हे तिला माहीत होतं.’

चार वाक्यांत माया दिसली, हुशारी दिसली आणि दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालायची खोडही दिसली. आता कथानक या खोडीवर उभं करा. नायकाने मुद्दाम अनुत्तरित ठेवलेल्या पत्राला राधिका त्याच्या भल्यासाठी परस्पर उत्तर धाडते आणि दोघांत फाटतं. संकट बाहेरून आणावं लागलं नाही, ते तिनेच ओढवून घेतलं. अशा नायिकेवर वाचक चिडतो, पण तिला सोडून जात नाही.

पुनर्लेखन करताना पेन्सिल घेऊन बसा. तिने स्वतःहून घेतलेला प्रत्येक निर्णय अधोरेखित करा. ‘तिला वाटलं’, ‘तिला आठवलं’, ‘तिला काही सुचेना’ ही वाक्यं धरायची नाहीत. सलग दोन प्रकरणं कोरी निघाली तर तेवढी पानं कादंबरी दुसरंच कुणीतरी चालवतंय.

प्रश्न : मी उलट केलं. नायिका तडफदार आणि फटकळ ठेवली. आता ती उद्धट वाटते म्हणतात. नायक फटकळ असला तर चालतं, मग हिलाच का नाही?

दुजाभाव होतो, हे मान्य. पण बऱ्याचदा गडबड लिहिण्यातही असते. ती कुणाला टोचून बोलते ते तपासा. तिच्यावर वरचढ असलेल्याला सुनावलं तर धीट वाटते. ज्याला उलट बोलायची सोय नाही त्याला सुनावलं तर वाचक दुखावतो.

जेन ऑस्टिनची ‘एमा’ (१८१५) याच कारणासाठी वाचा. माझ्याखेरीज कुणाला फारशी आवडणार नाही अशी नायिका घेतेय, असं ऑस्टिन म्हणाल्याचं तिच्या भाच्याने नोंदवलंय. बॉक्स हिलवरच्या सहलीत एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सची चारचौघांत थट्टा करते. प्रसंग झोंबतो, आणि झोंबावा म्हणूनच तो लिहिलाय. पण ऑस्टिन तिथे थांबत नाही. तिचा जुना स्नेही नाइटली तिला खडसावतो, एमा गाडीत बसून रडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस बेट्सच्या घरी जाते. चूक, लाज, कृती, हा क्रम बघा. नुसत्या रडण्याने भागलं नसतं. आपण मात्र नायिकेला पश्चात्तापाचं लांबलचक स्वगत देतो आणि घराबाहेर पाऊल टाकायला लावतच नाही.

शिवाय पहिल्या दोन-तीन प्रसंगांतच, फटकळपणा पुरता मुरायच्या आत, तिला एखाद्या कामात तरबेज दाखवा किंवा कुणावर तरी विनाअट माया करताना दाखवा. एकच प्रसंग पुरे. अनाथाश्रमाला देणगी वगैरे नको, त्यात लेखकाचा हात दिसतो.

प्रश्न : माझी कथा गैरसमजावर आहे. वाचक म्हणतात, ‘ही सरळ विचारत का नाही?’

बरोबर म्हणतात. एका वाक्याने मिटणारा गैरसमज तीनशे पानं ताणलात की नायिका मठ्ठ ठरते. न विचारण्याला तिच्याकडे सबळ कारण हवं : विचारलं तर काहीतरी गमावण्याची भीती, दिलेला शब्द, नाहीतर आपल्याला सगळं कळलंय ही खात्री. यातलं शेवटचं सगळ्यात कसदार. ऑस्टिनच्याच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नायिका एलिझाबेथला काही विचारावंसं वाटतच नाही, कारण नायक डार्सीबद्दलचं तिचं मत पक्कं झालेलं असतं. आणि एकसष्ट प्रकरणांपैकी पस्तिसाव्यात डार्सीचं पत्र येऊन ते मत उलथतं. म्हणजे गैरसमजाचा मोठा भाग अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे फुटतो. उरलेला भाग आपण चुकलो हे कळलेल्या बाईचा आहे, आणि ती जास्त वाचनीय आहे. तुमचा गैरसमज शेवटच्या दोन प्रकरणांपर्यंत राखून ठेवला असेल तर अलीकडे आणा.

प्रश्न : नायिका सुंदर असावी का? वर्णन किती करावं?

असली तरी चालेल, नसली तरी अडत नाही. शार्लट ब्राँटेने १८४७ साली दिसायला साधीशीच जेन एअर नायिका केली आणि ती आजही वाचली जाते. वर्णनाचे दोन-तीन तपशील पुरेत, तेही कृतीत मिसळून. आरशासमोर उभं राहून स्वतःचे डोळे न्याहाळणारी नायिका मात्र टाळा. रोज दिसणारा चेहरा कुणी इतका बारकाईने बघत नाही. नायकाच्या नजरेतून वर्णन करायचं असेल तर पहिल्या भेटीत त्याला एकच गोष्ट दिसू द्या, शक्यतो तिला स्वतःला न आवडणारी. बाकीचं पुढच्या भेटींना ठेवा.