मेंढरं आणि लांडगा : विष घालू नका, वाडा पक्का करा

इंदापूर, करमाळा भागातून गेल्या पंधरवड्यात लांडग्याबद्दल तीन प्रश्न आले. तिन्हींची उत्तरं एकत्र देतो, कारण ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिला प्रश्न असा : "बाजरी निघाल्यावर खतासाठी रानात मेंढरं बसवली आहेत. वाड्यातून दोनदा कोकरं गेली. लोक म्हणतात मेलेल्या शेळीत कीटकनाशक घालून ठेवा. कोणतं औषध, किती घालायचं?"

याचं उत्तर अगदी स्पष्ट आहे : कोणतंही नाही, थेंबभरही नाही. कीटकनाशकाची शिफारस पिकासाठी आणि किडीसाठी असते. जनावर मारायला ते वापरणं हा गुन्हा आहे. लोक ज्याचं नाव हमखास घेतात त्या फोरेटवर तर 31 डिसेंबर 2020 पासून देशात पूर्ण बंदी आहे. कुणाच्या कोठीत जुना डबा पडला असेल तर तो उघडूही नका. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच लांडग्याला. शिकार सिद्ध झाली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही असा दंड. फासकी, सापळा, कुंपणात सोडलेली वीज, सगळं त्यातच येतं. "रानडुकरासाठी लावलं होतं, लांडगा चुकून अडकला" हे कारण चालत नाही, कारण रानडुकरासाठीही तसं लावायची मुभा नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी विषाचा हिशेब शेतकऱ्याच्या अंगावरच येतो. विष घातलेलं मढं सगळ्यात आधी खातात ती गावची कुत्री. त्यात तुमच्याच वाड्याची राखण करणारा कुत्राही असतो. मग कावळे, घारी, मुंगूस. मेलेलं जनावर ओढ्यात पडलं की ते पाणी खाली कुणाची तरी गाय पिते. लांडगा मेलाच तरी ती जागा रिकामी राहत नाही, तिथे मोकाट कुत्र्यांची टोळी येते. कुत्री माणसाला घाबरत नाहीत आणि भरदिवसा कळपात शिरतात.

म्हणून माझा पहिला सवाल असतो : कोकरं नेली ती लांडग्यानेच कशावरून? मेलेलं जनावर नीट बघा. लांडगा बहुधा गळा किंवा मान धरतो, लहान कोकरू असेल तर उचलून दूर नेतो. कुत्र्यांच्या हल्ल्यात मागचे पाय, शेपूट, कान फाडलेले दिसतात, चार-पाच जनावरं जखमी करून सोडलेली असतात आणि खाल्लेलं फार थोडं असतं. बिबट्याच्या पावलात नखांचा ठसा उमटत नाही. लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या उमटतो, म्हणून नुसत्या पावलावरून या दोघांत निवाडा करू नका. पाऊल दिसलं तर त्यावर पाटी उपडी घालून ठेवा, वनरक्षक येईपर्यंत ते टिकतं.

आता वाड्याकडे येऊ. माझ्या मते निम्मं नुकसान वाघरीच्या, म्हणजे वाड्याभोवतीच्या जाळीच्या कुंपणाच्या, बांधणीत आहे. कंबरेएवढी वाघर, मेखा लांब-लांब ठोकलेल्या, खालची कड मोकळी. लांडग्याला त्यावरून उडी मारायचीही गरज पडत नाही. तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला येऊन नुसता उभा राहतो. वास लागला की मेंढरं बुजतात, एका कोपऱ्यात दाटतात, त्या रेट्याने दोन मेखा उपटतात आणि सगळा कळप अंधारात पांगतो. पांगलेल्यातलं एखादं त्याला सहज मिळतं. सकाळी आपण म्हणतो, लांडगा वाड्यात शिरला. खरं तर मेंढरंच बाहेर पडलेली असतात.

त्यामुळे मेखा दोन-दोन हातांवर ठोका, कोपऱ्यांवर दुहेरी. खालची कड मातीने किंवा दगडांनी दाबा. वाघरीची उंची छातीच्या वर न्या. जुनी जाळी वर जोडली तरी भागतं. कोकरं मोठ्या कळपात ठेवू नका. वाड्याच्या मधोमध, माणसं झोपतात तिथे त्यांना वेगळं कोंडा, लहानांवर डालगं घाला. लुकलुकणारे दिवे उपयोगी पडतात, पण एकाच जागी पंधरा दिवस टांगले तर जनावर सरावतं. दर दोन-तीन रात्रींनी जागा बदला. कुत्री दोन तरी हवीत. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला आणि त्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा आणि मेंढपाळालाही सोबत न्या, परक्या गावात तो एकटा जायला कचरतो.

इथे रानाच्या मालकाला एक सांगायचं आहे. मेंढरं तुमच्या रानात बसतात, लेंडीखत तुम्हाला मिळतं, तेव्हा जागा निवडण्याची जबाबदारी तुमचीही आहे. उसाच्या, मक्याच्या कडेला किंवा ओढ्याच्या खोलगटीत वाडा बसवू देऊ नका. चारी बाजूंनी नजर पोचेल असं मोकळं रान द्या. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून एक बल्ब ओढून द्या. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या माळावर फेकणं बंद करावं. त्या वासाने कुत्री आणि लांडगे एका ठिकाणी येतात, कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात, आणि दोघांचा संकर झाल्याचं तर पुणे परिसरात जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात.

दुसरा प्रश्न करमाळ्याचा : "ओढ्याकाठी बांधबंदिस्तीचं काम सुरू आहे. बिळात लांडग्याची पिल्लं दिसली. धूर करून बीळ बुजवू का?"

काम तिथल्या तिथे थांबवा आणि मशीन लांब न्या. आपल्याकडे मादी बहुतेक हिवाळ्यात विते. पिल्लं दहा-बारा दिवस तर डोळेही उघडत नाहीत. धूर करणं, बीळ बुजवणं ही सरळ शिकार आहे. पिल्लं उचलून घरी आणणं, त्यांचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकणं हेही करू नका, दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा भरते. माणसांचा वावर कमी झाला की मादी बहुधा स्वतःच पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. बांधाचं काम पुढे ढकलावं लागलं तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी कळवा, म्हणजे विलंबाचं कारण नोंदवलं जाईल. त्या भागात पुढचे काही महिने कोकरं चरायला नेऊ नयेत असं मेंढपाळांना सांगा. पिल्लं वाढत असताना लांडग्याची भूकही वाढलेली असते.

याच पत्रात पुढे विचारलं आहे, "लांडगा राहून शेतकऱ्याचा फायदा काय?" उंदीर, ससे, काळविटाची पाडसं, रानडुकराची पिल्लं हे त्याचं खाणं आहे. ज्वारी-हरभऱ्याच्या राखणीला रात्र-रात्र जागणाऱ्याला यातला अर्थ कळेल. तो सगळी रानडुकरं संपवील असं मी म्हणत नाही. पण माळरानावरचा हा मोठा शिकारी गेला तर त्याचं काम करणारं दुसरं कुणी नाही. 2022 च्या अंदाजानुसार देशात 3,682 वाघ आहेत. लांडग्यांचा अंदाज सुमारे 3,100 चा आहे, आणि त्यातले बहुतेक अभयारण्याबाहेर, आपल्या माळांवर आणि पडीक रानांत राहतात. नान्नज, रेहेकुरी, मयूरेश्वर ही अभयारण्यं आहेत, पण लांडगा तिथे मावत नाही. त्याचं राहणं आपल्या हातात आहे. जुने मेंढके "त्याचाही वाटा असतो" म्हणून एखादं कोकरू सोडून देत. आज एका कोकराची किंमत बघता तसं म्हणायला मी कुणाला सांगणार नाही. वाटा शासनाने उचलावा, यासाठीच भरपाई आहे.

तिसरा प्रश्न एका आईचा : "बहराइचसारखं इथे झालं तर? मुलं वस्तीवरून चालत शाळेत जातात." उत्तर प्रदेशात बहराइचला 2024 मध्ये लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलं बळी पडली, त्यामुळे ही भीती खोटी नाही. आपल्याकडचा लांडगा सहसा माणूस दिसला की अंग चोरून निघून जातो. मुलांना घोळक्याने पाठवा, अंधारात लहान मूल उघड्यावर झोपवू नका. न घाबरता थेट अंगावर येणारा, समोर दिसेल त्याला चावत सुटलेला लांडगा, कोल्हा किंवा कुत्रा पिसाळलेला असू शकतो. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. चाव्याने कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीसोबत रेबीजचं सिरम मागून घ्या. हळद, चुना, तिखट काही लावू नका. अशा जनावराच्या मागे काठ्या घेऊन धावू नका, वनविभागाला कळवा.

आता भरपाई. लांडग्याने मेंढी-शेळी मारली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यातली जी कमी ती मिळते. घटनेपासून 48 तासांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा पोलीस पाटलांना कळवा. वनविभागाची मदतवाहिनी 1926 आहे. पंचनाम्याआधी मढं हलवू नका, कातडं काढू नका. वर ताडपत्री टाकून कडेने दगड ठेवा म्हणजे कुत्री ओढणार नाहीत. मोबाईलवर फोटो काढताना गळ्याची जखम आणि आजूबाजूची जागा दोन्ही येऊ द्या. फिरस्ते मेंढपाळ इथे हमखास मागे पडतात, "आपण इथले नाही, कोण देणार" असं त्यांना वाटतं. घटना ज्या हद्दीत घडली तिथल्याच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करायचा असतो. आधार कार्ड आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्सा तळावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम ठेवा. अर्ज लिहिता येत नसेल तर ज्याच्या रानात वाडा बसला आहे त्याने लिहून द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.