ग्लो इंजिन पेट्रोलवर चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे मॉडेल विमानाचे 15 सीसीचे, टू-स्ट्रोक, पिस्टनला रिंग असलेले ग्लो इंजिन आहे. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचे इंधन महाग पडते व सहज मिळतही नाही. ग्लो प्लगच्या जागी स्पार्क प्लग बसवला, तर हेच इंजिन पेट्रोलवर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालेल, मात्र प्लग बदलणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेमुळे तापलेली राहते. पेट्रोलच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही, म्हणून ठिणगी द्यावी लागते. ग्लो प्लगच्याच आट्यांत बसणारा छोटा स्पार्क प्लग, सीडीआय इग्निशन (ठिणगी पाडणारे इलेक्ट्रॉनिक मंडल), प्रोपेलरच्या हबमध्ये बसवायचे चुंबक आणि ते चुंबक ओळखून ठिणगीची वेळ सांगणारा हॉल सेन्सर असा तयार संच बाजारात मिळतो.

खरी परीक्षा कार्ब्युरेटरची असते. वजनाने एक भाग मिथेनॉल जळण्यास सुमारे 6.4 भाग हवा लागते, तर पेट्रोलला 14.7 भाग, म्हणजे तेवढ्याच हवेत निम्म्याहूनही कमी इंधन सोडायचे असते. इंधनाचे प्रमाण ठरवणारी कार्ब्युरेटरची मूळ सुई (निडल) त्यासाठी इतकी आवळावी लागते की मग ती केसभर फिरवली तरी मिश्रण बिघडते, आणि जमिनीवर नीट चालणारे इंजिन विमानाने नाक वर करताच अडखळू लागते. बारीक निडलने काही प्रमाणात भागते; पण क्रँककेसमधील (क्रँकभोवतीच्या पोकळीतील) दाबाच्या स्पंदनांवर चालणारा, पंप असलेला डायफ्रॅम (लवचीक पडद्याचा) कार्ब्युरेटर बसवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

तेलाबाबत मात्र काटकसर नको. लाकूड कापण्याच्या चेनसॉसाठी सांगितलेले पेट्रोल व तेलाचे 40:1 प्रमाण अनेकजण येथे वापरतात. परंतु त्या इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडला रोलर बेअरिंग असते, तर बहुतेक ग्लो इंजिनांमध्ये तेथे साधे ब्राँझचे बुश असते आणि ते 18 ते 20 टक्के तेल असलेल्या इंधनावर पोसलेले असते. म्हणून एक लिटर पेट्रोलमागे किमान 50 मिलिलिटर टू-स्ट्रोक सिंथेटिक तेल घाला. एरंडेल पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, त्यामुळे ते टाळा.

मिथेनॉलची वाफ होताना इंजिनाची पुष्कळ उष्णता शोषली जाते. पेट्रोलकडून तेवढी थंडाई मिळत नाही, म्हणून काउलिंगमधील (इंजिनावरील आवरणातील) हवा थेट सिलिंडरच्या पंखांवर वळवा आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याने होणारी ठोक-ठोक) ऐकू आल्यास हेडखाली जादा शिम (पातळ चकती) घालून कॉम्प्रेशन थोडे उतरवा. सिलिकॉनच्या नळ्या व टाकीचे बूच पेट्रोलने फुगतात. ते आधीच बदलून घ्या. शक्ती किंचित घटेल, पण लहान टाकीत पूर्वीइतकेच उड्डाण होईल. तुमचे इंजिन 10 सीसीहून लहान असते, तर हा खटाटोप मी सुचवला नसता.

इग्निशनच्या वायरीत स्वतंत्र स्विच अवश्य बसवा. ग्लो प्लगला बॅटरी जोडलेली नसताना थंड इंजिनाचा प्रोपेलर हाताने फिरवण्याची तुम्हाला सवय असेल. येथे मात्र इग्निशन चालू राहिले, तर हाताच्या एका हलक्या झटक्यानेही इंजिन सुरू होऊ शकते.