हात सैल, मूठ घट्ट

प्रश्न : माझा पगार हातात ३८ हजार येतो, ह्यांचा ६२ हजार. मी पै-पै जोडणारी, ह्यांचा हात सैल. ६० हजारांचा घरखर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतो. तरी ह्यांच्या क्रेडिट कार्डावर ६० हजार थकलेत. माझी एफडी आहे, पण ती मोडायची नाही असं मी ठरवलंय. चुकतंय का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एफडीच्या बाबतीत चुकतंय. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर ६० हजारांवर २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८. ह्यांनी ५ टक्के किमान रक्कम, म्हणजे ३ हजार भरले तरी मुद्दल फिटतं फक्त ५२२ रुपये! शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. एफडी वर्षाला साधारण सहा ते सात टक्के देते. मुदतीआधी मोडली तर बँका व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कापतात. तरीही मोडा आणि कार्ड एकरकमी फेडा. मात्र ही उसनवारी आहे. ह्यांनी स्वतःच्या वाट्यातून दरमहा ५ हजार, १२ महिने, तुमच्या खात्यात परत करायचे.

आता निम्म्या-निम्म्याचं. ३० हजार म्हणजे तुमच्या पगाराचे ७९ टक्के, त्यांच्या पगाराचे ४८. ही वाटणी दिसायला सरळ, पण तुम्हालाच पिळणारी. त्याऐवजी दोघांनी स्वतःसाठी सारखेच १० हजार ठेवा. उरलेले तुमचे २८ आणि त्यांचे ५२ हजार पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप संयुक्त खात्यात जाऊ द्या. त्या ८० हजारांतून घरखर्च चालेल आणि २० हजार एसआयपी (म्युच्युअल फंडातला मासिक हप्ता) किंवा आरडीत (बँकेतली आवर्ती ठेव) जातील. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हटलं की काहीच उरत नाही.

६० हजारांत वर्षातून एकदाच येणारे खर्च धरलेत का, ते तपासा. गाडीचा विमा, शाळेची फी, दिवाळी, लग्नसराईतले आहेर मिळून ७२ हजार होत असतील, तर दरमहा ६ हजार वेगळे काढावे लागतात. हे विसरलं की ऐनवेळी पुन्हा कार्डच बाहेर निघतं.

स्वतःच्या १० हजारांचा हिशोब एकमेकांना मागायचा नाही. त्यांनी हेडफोन घ्यावेत, तुम्ही पुन्हा एफडी करा. शनिवारचं जेवण घरच्या सगळ्यांचं असेल तर घरखर्चात, मित्रांबरोबरचं असेल तर ज्याच्या त्याच्या वाट्यातून. हे आधीच लिहून ठेवा, वाद नेमके इथे होतात. संयुक्त खात्याचं डेबिट कार्ड मात्र कुठल्याही खरेदीच्या अ‍ॅपवर जोडू नका.

प्रश्न (दुसऱ्या वाचकाचा) : कमावतो मी एकटाच, बायको घर सांभाळते. मग हातखर्च दोघांना सारखा कसा?

उत्तर : सारखाच, आणि तो मागावा न लागता पगाराच्या दिवशी तिच्या खात्यात. तुमच्या पैशांतून तिच्या नावे एफडी केलीत तर व्याज करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. तिच्या पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी खात्यात, भरलेत (वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख) तर हा प्रश्न येत नाही, कारण ते व्याज करमुक्त आहे.