पितळी साप आणि खरा साप

प्रिय,
सप्रेम सलाम.

चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेत एदेन बागेचा, म्हणजे सापाने हव्वेला मोह घातला तो धडा झाल्यावर एका मुलीने तुला विचारलं, "साप म्हणजे सैतान, मग दिसला की मारायचाच ना?" तुला लगेच उत्तर सुचलं नाही, हे बरंच झालं. घाईने दिलेलं उत्तर मुलं जन्मभर धरून बसतात.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसरा अध्याय पुन्हा सावकाश वाच. तिथे सैतानाचं नावही नाही. सगळ्या वनपशूंत धूर्त असा साप, एवढंच म्हटलंय. जुनाट साप म्हणजेच सैतान, ही ओळख थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात येते. मंडळीने, म्हणजे चर्चने, या दोन जागा जोडून वाचल्या ते योग्यच आहे. पण तो दोष मोह घालणाऱ्याचा, बिळात राहणाऱ्या जिवाचा नव्हे. जमिनीवर रांगणारे प्राणीही देवानेच केले आणि ते चांगले आहेत असं त्याला दिसलं, हे पहिल्या अध्यायात आधीच लिहिलंय. तो वगळून तिसरा शिकवू नकोस.

शिकवायच्या आधी सापाचा थोडा अभ्यासही कर. प्राचीन चर्चचा मोठा धर्मशिक्षक संत ऑगस्टीन याने स्पष्टच लिहिलंय की, प्राण्यांचा स्वभाव ठाऊक नसेल तर पवित्र शास्त्रातल्या उपमा कळत नाहीत. आणि त्यासाठी त्याने उदाहरण घेतलंय ते सापाचंच. कात टाकण्याआधी सापाचे डोळे निळसर, दुधाळ होतात. त्याला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि कातीबरोबर तोही निघतो. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो दडून राहतो. मग खरबरीत दगडावर तोंड घासतो, ओठांपाशी कातडी सुटते आणि तो पायातून काढलेल्या मोज्यासारखी ती उलटी करत बाहेर येतो. ऑगस्टीनला यात जुना मनुष्य, म्हणजे आपला जुना पापी स्वभाव, काढून टाकणं दिसलं. सापाला वाईट ठरवून मोकळा झालेला माणूस हे पाहूच शकला नसता.

सापासारखे चतुर व्हा, असं येशूने शिष्यांना सांगितलं ते लांडग्यांमध्ये, म्हणजे छळणाऱ्या लोकांत, पाठवताना. विष तयार करायला सापाला शक्ती खर्चावी लागते, म्हणून तो ते उधळत नाही. आधी निसटतो, नाही जमलं तर फुत्कारतो, फणा काढतो; चावणं बहुधा शेवटी. छळ सोसणाऱ्या मंडळीला यातून शिकण्यासारखं बरंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण तुझा खरा वेळ बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायाला दे. रानातून चाललेल्या इस्राएली लोकांनी कुरकुर केली, विषारी सापांनी त्यांना दंश केला, माणसं मेली. साप दूर कर, अशी लोकांची विनवणी होती. साप निघून गेले असं मात्र तिथे लिहिलेलं नाही. त्यांचा पुढारी मोशे याला पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगितलं गेलं, आणि ज्याला दंश झाला होता तो त्याकडे पाहून जगला. ज्या आकाराने मरण आणलं, त्याच आकाराकडे नजर उचलायची! निकदेम या यहूदी पुढाऱ्याशी बोलताना येशू स्वतःच्या उंच केलं जाण्याबद्दल, म्हणजे वधस्तंभावर चढवलं जाण्याबद्दल, हीच घटना सांगतो. वधस्तंभही मारण्याचंच साधन होतं. इथे मुलांना घाई करू नकोस, त्यांना प्रश्न विचारू दे.

पुढे लोक त्याच पितळी सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा यहूदाच्या हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. तेही सांग.

आणि एक काळजीची गोष्ट. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायातलं साप उचलण्याचं वचन घेऊन अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातल्या काही मंडळ्या उपासनेत विषारी साप हाताळतात. त्यात पाळकांचेही जीव गेलेत. माल्टा बेटावर प्रेषित पौलाच्या हाताला साप डसूनही त्याला काही झालं नाही, हे खरं; पण त्याने साप मुद्दाम धरला नव्हता, तो काटक्यांच्या मोळीतून निघाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्पदंशाने दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात. म्हणून मोठ्या मुलांना हेही शिकव: साप दिसला तर लांब व्हायचं, त्याला डिवचायचं नाही. दंश झालाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. तो अवयव हलू न देता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तडक न्यायचं. प्रार्थना वाटेत करता येते.